तिसऱ्या ओळीची वाढ

१

मॉर्फिनवर आमच्या द्रावणाचा थेंब पडला की गडद जांभळा रंग येतो. वीस वर्षांच्या नोकरीत मी तो इतक्यांदा पाहिलाय की आता कुणाच्या अंगावर जांभळा कपडा दिसला तरी मला कपाटं आठवतात.

त्या सोमवारी सकाळी तो रंग आलाच नाही. पेशींच्या त्या प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडून पहिल्या कुपीतला थेंब पांढऱ्या ताटलीवर घेतला, वर आमचा थेंब सोडला. काही नाही. दुसरी कुपी, तिसरी, चौथी. दहाच्या दहा कुप्यांत मिठाचं पाणी होतं. टोपणांवरची सीलं डिंकाने इतकी बेमालूम चिकटवली होती की नखाने खरवडल्याशिवाय कळू नये.

मी औषध खात्याची निरीक्षक. वर्षातून एकदा येते. लोक आधी चहा विचारतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात, आणि काही गडबड निघाली की एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे बोट दाखवायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

"मॅडम, जड जातंय बोलायला," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. उंच, स्वच्छ, मऊ आवाजाचा माणूस. "पण गेल्या मंगळवारपासून कालपर्यंत मी परगावी होतो. कोठीवाले रजेवर होते. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात होती, आणि दुसरी..."

दुसरी 'नवी'कडे होती. पाच महिन्यांपूर्वी लागलेली सहायिका, म्हणून तिचं नाव नवी. ती दारात उभी होती. सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर.

"मी पोलिसांना पाच वाजता बोलावलंय," सर म्हणाले. "तुमचा अहवाल तोवर झाला तर बरं. संस्थेचं नाव आहे."

या कामात मी चोर बरेच पाहिलेत. पण पोटुशी बाई समोर उभी असताना तिच्या अटकेची वेळ ठरवून मोकळा झालेला माणूस पाहिला की माझ्या तोंडाची चवच जाते.

२

"तुम्ही घेतलंत का?" मी नवीला सरळ विचारलं. आम्ही काचसामान धुवायच्या खोलीत बसलो होतो. नळ ठिबकत होता.

"नाही."

"सर म्हणतात, तुमच्या बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने कमी आहे. सोनोग्राफीत दिसलंय. हे औषध घेणाऱ्या बाईच्या बाळाची वाढ अशीच खुंटते, असं त्यांचं म्हणणं."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तो रिपोर्ट मी त्यांना रजेसाठी दाखवला होता, मॅडम. रजेसाठी! आमच्याकडे सगळेच किरकोळ अंगाचे. मी जन्मले तेव्हा दोन किलोचीसुद्धा नव्हते. मी आपणहून लघवी तपासायला दिली सकाळी. काहीच निघालं नाही त्यात."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, स्वतः घेत नसेल तर बाहेर देत असेल." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती नळाकडे बघत राहिली. "घरी सासूबाईंना फोन गेलाय. त्यांनी विचारलं, मूल तरी धड आहे ना. मी तुरुंगात बाळंत होणार का हो?"

मी खोटा धीर देत नाही. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे," एवढंच म्हणाले. "तुमचा प्रयोग काय आहे तो मला सांगा. चौथीतल्या पोरीला सांगाल तसा."

ती सांगू लागली आणि तिचा आवाज स्थिर झाला. ताटल्यांमध्ये मज्जापेशी वाढवायच्या. पहिली ओळ साधी, तिच्यात काही नाही. दुसऱ्या ओळीत मॉर्फिनचे थेंब. मॉर्फिन पेशींची वाढ रोखतं, म्हणून ती ओळ मागे पडते. तिसऱ्या ओळीत मॉर्फिन आणि त्याचा उतारा, दोन्ही. ते एकमेकांना अडवतात, म्हणून तिची वाढ साध्या ओळीइतकीच. सोमवारी पेशी लावायच्या, मंगळवारी थेंब, शुक्रवारी मोजणी.

"शुक्रवारीसुद्धा दुसरी ओळ मागेच होती, मॅडम. म्हणून तर सगळे म्हणतात, मंगळवारी उघडलेल्या कुपीत खरं औषध होतं. म्हणजे कुप्या त्यानंतर बदलल्या. आणि त्यानंतर किल्ली फक्त..." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तिला अडकवणारा पुरावा तिने स्वतःच इतका नीट मांडला होता की मी तो जसाच्या तसा टिपणवहीत उतरवून घेतला.

३

कोठीवाल्याच्या पोटावर सुयांचे बारीक डाग होते. शर्टाचं बटण तुटलेलं होतं म्हणून दिसले. माझी नजर गेली तसा तो घाईघाईने म्हणाला, "साखर आहे हो मला! इन्सुलिनचे आहेत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवू?" दाखवली. खरी होती.

"नवीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"मला तर पहिल्यापासूनच संशय होता."

"किल्ली तुम्हीच दिलीत ना तिला?"

त्याने शर्टाची कड ओढून पोट झाकलं. मग विषय बदलायला म्हणाला, "सरांसारखा माणूस मात्र शोधून सापडायचा नाही. आम्ही मातृभक्तच म्हणतो त्यांना. आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्यात. रोज दुपारी एकला घरी जाऊन स्वतः भरवतात. पाठीला जखम झालीय, ती काही केल्या भरत नाही. साखर नाही, काही नाही, तरी भरत नाही. पण आई कधी हूं की चूं करत नाहीत. इतकी शांत बाई!"

"पडल्या कधी?"

"या प्रयोगाच्या सुरुवातीलाच. दहावा आठवडा असेल. आता एक्केचाळिसावा."

मी ते नुसतं ऐकून घेतलं. दहा माणसांना विचारलं की नऊ जण स्वतःची कातडी वाचवायला काहीबाही बडबडतात, आणि त्या बडबडीतच कुठेतरी खरं सांडलेलं असतं.

मग मोजणीकाका. निवृत्तीला आलेला, जाड चष्म्याचा, सूक्ष्मदर्शकाशी वाकून वाकून कुबड आलेला माणूस. ताटल्यांवर फक्त आकडे असतात. कोणती ताटली कुठल्या ओळीची हे त्याला मुद्दाम सांगितलं जात नाही, म्हणजे मोजताना मन फितूर होत नाही. नावांची यादी सरांकडे, आणि थेंब घालण्यापुरती एक चिठ्ठी नवीकडे.

"तुम्हाला काही वेगळं दिसलं का हल्ली, काका?"

"मी काय सांगणार बाई! मला फक्त कमी-जास्त दिसतं." त्याने चष्मा काढून पुसला. "पण एक सांगू का? पूर्वी दोनच तऱ्हा असायच्या. आठ ताटल्या भरलेल्या, चार विरळ. हल्ली तीन तऱ्हा दिसतात. चार विरळ, चार मध्यम, आणि चार अशा माजलेल्या की मोजताना मान मोडते."

"हे कुणाला सांगितलंत?"

"सरांना सांगितलं ना. म्हणाले, काका, चष्मा बदला. बदलला. तरी तीनच."

"कधीपासून दिसतंय असं?"

त्याने ड्रॉवरमधून कळकट वही काढली. आठवड्यागणिक आकडे, बारीक, सरळ रेषेत. बोट फिरवत फिरवत तो एका पानावर थांबला.

अकरावा आठवडा.

४

मी वही घेऊन परत धुवायच्या खोलीत गेले. "ताटलीत नुसता उतारा घातला, मॉर्फिन नाहीच, तर काय होईल?" मी नवीला विचारलं.

"जास्त वाढतील," ती लगेच म्हणाली. "शरीर स्वतःसुद्धा थोडंसं अफूसारखं काहीतरी बनवतं, मॅडम. पेशीही बनवतात. वाढीला तो ब्रेक असतो. उताऱ्याने तो ब्रेकसुद्धा निघतो, मग पेशी साध्या ओळीपेक्षाही..."

ती मध्येच थांबली. माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहिली.

"तिसरी ओळ," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीकडे कुणी बघतच नाही. ती साध्याइतकीच यायची असते."

"अकराव्या आठवड्यापासून ती साध्याच्या वर आहे."

"मी तर एकोणिसाव्या आठवड्यात लागले!"

"म्हणजे तीस आठवडे कुप्यांत पाणीच होतं. पण मग दुसरी ओळ का मागे पडते? पाण्याने पेशी खुंटतात का?"

तिने वही ओढून घेतली. मीही वाकले. नळ ठिबकत होता. मग आम्ही दोघींनी बहुधा एकदमच विचार केला, कारण ती कुजबुजली, "सोमवारी पेशी सर स्वतः लावतात. म्हणतात, दुसऱ्याच्या हाताला गुण नाही."

"आज लावल्या?"

"सकाळी, तुम्ही यायच्या आधी. थेंब उद्या पडतील."

मी मोजणीकाकाला बोलावलं. "आजच्या ताटल्या मोजा."

"आज?" तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "सोमवारी कोण मोजतं? सोमवारी सगळ्या सारख्याच असतात. मोजायचं काय त्यात!"

"तेच बघायचंय."

चव्वेचाळीस मिनिटं तो वाकलेला होता. मी कॉरिडॉरमध्ये येरझारा घातल्या. सर एकला जेवू घालायला घरी गेले आणि दीडला परत आले, येताना माझ्याकडे बघून सहानुभूतीने हसले. अंगाला मंद, महागडा वास. शेवटी काकाने मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आठ सारख्या आहेत. चार अर्ध्याच आहेत, बाई. एक थेंब पडला नाही आणि चार अर्ध्याच आहेत." नवीच्या चिठ्ठीवर त्या चारही आकड्यांपुढे एकच शब्द होता. मॉर्फिन.

जिथे औषध पडायचं तिथे आधीच निम्म्या पेशी. शुक्रवारी ती ओळ मागे दिसणारच. सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढं पुरेसं होतं, कारण सोमवारी मोजायची इथे कुणाची रीतच नव्हती. आणि ज्याने पहिल्या दोन ओळींचं नाटक सांभाळलं त्याने तिसरी ओळ काकाच्या चष्म्यावर ढकलली, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

चोर कोण ते कळलं होतं. पण तो स्वतः घेत असल्याची एकही खूण त्याच्यावर नव्हती. मग ते औषध जात कुठे होतं?

मला ते कळत होतं. पण कळू नये असं वाटत होतं.

५

वहीतले तीस आठवड्यांचे आकडे उतरवून, काकाच्या सह्या घेऊन निघायला चार वाजले. सरांच्या घरी त्यांच्या पत्नीने दार उघडलं. थकलेली बाई. मी खात्याचं ओळखपत्र दाखवलं. तिने काही न विचारता आत घेतलं, जणू कुणीतरी यायची ती वाटच बघत होती.

"सासूबाई झोपल्यात," ती म्हणाली. "झोपलेल्याच असतात. आधी फार ओरडायच्या. रात्रंदिवस. कूस बदला, कूस बदला. डॉक्टर म्हणाले होते, दर दोन तासांनी बदला. कुणाकडून व्हायचं? मग हे शक्तीचं इंजेक्शन देऊ लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हे गावाला गेले की मी देते. तेव्हापासून शांत झाल्या."

खोलीत वास होता. तो मी वर्णन करणार नाही, पण पुढे दोन दिवस मला अन्न गेलं नाही. म्हातारीच्या पापण्या मी बोटाने वर केल्या. बाहुल्या मोहरीएवढ्या. पाठीवरचं फडकं उचललं. वाटीएवढी जखम, आणि तिच्या कडेला भरून यायची एकही खूण नाही. गुलाबी रेष नाही, नवी कातडी नाही. शरीराने जणू कामच थांबवलं होतं.

मॉर्फिन वाढ थांबवतं. पेशींची, गर्भाची, जखमेवर येणाऱ्या कातडीची. हे तोंडपाठ असलेली माणसं जगात थोडी, आणि त्यातला एक या म्हातारीचा पोटचा मुलगा होता.

फ्रिजच्या दारात दुधाशेजारी कुपी होती. मी तिच्यातला थेंब तिथेच ओट्यावर ताटलीत घेतला, वर आमचा थेंब सोडला. जांभळा. सुंदर, गडद, किळसवाणा जांभळा.

"यापुढे इंजेक्शन द्यायचं नाही," मी त्याच्या बायकोला बजावलं. कुपी घेतली, जखमेचे फोटो घेतले आणि धावत सुटले. पाचला दहा मिनिटं कमी होती.

६

पोलीस आलेले होते. दोघे. नवीने आपली पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मी सगळ्यांसमोर वही उघडली आणि बोलायला सुरुवात केली. चार अर्ध्या ताटल्यांपाशी आले तेव्हा सर खुर्चीत टेकून बसले. कुपी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही चोवीस तास तो आवाज ऐकलेला नाही," ते म्हणाले. अजूनही मऊ आवाजात. "मी तिला शांती दिली."

"दर दोन तासांनी कूस बदलायची होती. तेवढंच होतं काम. तुम्हाला माहीत होतं जखम भरणार नाही."

"माहीत होतं म्हणूनच तर लक्ष ठेवून होतो."

पोलिसाने त्यांची बॅग उघडली. आत पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे होते, एकावर एक नीट रचलेले. प्रत्येकावर काळ्या पेनाने वेडावाकडा गोल काढलेला, खाली तारीख, लांबी, रुंदी. पहिला गोल बोराएवढा होता. मी ते तुकडे एकेक करून उचलत गेले आणि हळूहळू मला कळलं की तो दर आठवड्याला आईच्या जखमेवर प्लास्टिक ठेवून तिची कड गिरवत होता.

"एकतीस आठवडे," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. "माणसावरची इतकी सलग निरीक्षणं कुणाकडेच नाहीत, मॅडम. ती फुकट जाऊ देऊ नका."

मोजणीकाका उठून मोरीवर गेला आणि ओकला. मला त्याचा हेवा वाटला.

जबाब, सह्या, पंचनामा यात सात वाजले. सरांना घेऊन गाडी गेली. कोठीवाला नवीजवळ जाऊन म्हणाला, "मी म्हणतच होतो, ही पोरगी असलं करायची नाही." मग लगेच काळजीने, "पण आता सोमवारी पेशी कोण लावणार हो?"

नवीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आभार मानेल. मी ते स्वीकारायला तयारही होते.

"मॅडम, संध्याकाळचं इंजेक्शन दिलं का त्यांना?"

"कुणाला?"

"आजींना."

"नाही. मी बंद करायला सांगितलंय. कुपी इथे आहे."

"एकतीस आठवड्यांनी एकदम बंद?" तिचा आवाज चढला. "अहो, त्यांच्या शरीराला सवय झालीय. हळूहळू उतरवावं लागतं, डॉक्टर हवा समोर. आणि ती जखम... आता त्यांना ती पहिल्यांदा सगळीच्या सगळी दुखत असेल. कोण आहे त्यांच्याजवळ?"

दुपारी त्या खोलीत मी बाहुल्या पाहिल्या, जखम पाहिली, फोटो काढले, पुरावा उचलला. डॉक्टरला फोन करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती म्हातारी माझ्या लेखी सरांच्या विरुद्धची एक वस्तू होती. दिवसभर मला या लोकांची किळस येत होती. त्या क्षणी ती माझी मलाच आली.

गाडीतून मी डॉक्टरला फोन लावला. नवी शेजारी बसली होती, पोटावर हात ठेवून, रस्त्यावर नजर लावून. तुम्ही घरी जा, असं मी तिला दोनदा म्हटलं. तिने दोन्ही वेळा ऐकलं नाही.

फाटकापाशीच आवाज आला. पातळ, चिरका, न थांबणारा. शेजारच्या खिडक्या एकेक करून बंद होत होत्या. सरांची बायको पायरीवर कानांवर हात ठेवून बसली होती.

"कूस," आतून म्हातारी ओरडत होती. "कूस बदल रे. अरे, कुणीतरी बदला रे."

नवीने चपला काढल्या, हात धुतले, पलंगापाशी गेली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "आजी, आलोय आम्ही. डॉक्टर वाटेत आहेत. आता बदलतो हं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मॅडम, मला वाकता येत नाही. तुम्ही खांद्याखाली हात घाला."

मी घातले.